डोळ्यांभोवतीचं माप

२८ जानेवारी

नवी वही. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे बघतेस, रोज थोडा वेळ स्वतःचा बघ. आरशात नको, कागदावर." शिक्षिकाबाई म्हणजे माझ्या पार्लरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झाल्या, पण प्रश्न विचारायची खोड काही निवृत्त झाली नाही. त्यांना नाही म्हणायची माझी टाप नाही, म्हणून लिहिते आहे.

आज बुटकीचा चेहरा निम्म्याहून जास्त साफ झाला. मागच्या आठवड्यात हॉस्टेलवरून आली तेव्हा बघून मी कपाळाला हात लावला होता. गाल, नाक, हनुवटी भाजल्यासारखी तांबूस-काळी आणि डोळ्यांभोवती मात्र फुलपाखराच्या आकाराचा गोरा पट्टा. म्हणे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये इमारतीचं मॉडेल करताना संरक्षक चष्मा लावून दिवसभर उघड्यावर बसावं लागलं. पातळ पुठ्ठ्याचा त्या पट्ट्याच्या मापाचा मुखवटा कापला, नाकाला खाच ठेवली, तो डोळ्यांवर ठेवला आणि बाकीच्या चेहऱ्याला लेप लावला. उजळायचं ते काळवंडलेलं, गोऱ्याला कशाला हात लावायचा? ही माझी स्वतःची पद्धत आहे, कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मजा म्हणजे ह्यांनाही अगदी तस्साच डाग. ह्यांची कंपनी पंप विकते आणि दरवर्षी जानेवारीत हे लांबच्या गोदामांच्या तपासणीला जातात. तिथे पंप चालवून बघताना संरक्षक चष्मा घालावा लागतो. बुटकीचा मुखवटा कडेला जरासा कातरला तर ह्यांनाही बसला. मी म्हटलं, "बापलेक एकाच साच्यातून काढलेत." दोघं एकमेकांकडे बघून हसले. मलाही बरं वाटलं.

२९ जानेवारी

काल एक लिहायचं राहिलं. बुटकी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी वर्गात सगळ्यात पुढे उभी करायचे इतकी ठेंगू, आता दारातून वाकून येते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती माझ्या पोटची नाही. ह्यांचं पहिलं लग्न मोडलं, पहिली मुलीला टाकून निघून गेली, पुन्हा तोंड दाखवलं नाही. त्यानंतर मी आले. बुटकी तेव्हा दुसरीत होती. वर्षभर मला काकू म्हणाली. मग एक दिवस शाळेत तिचा दात पडला आणि ती रक्ताळलेलं तोंड घेऊन धावत आली ती "आई, आई" करतच. तो शब्द मी मागितला नव्हता. म्हणूनच तो माझा आहे.

पुढच्या महिन्यात ती एकवीस वर्षांची होईल. मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर बर्फावर जाणार आहे, स्नोबोर्ड शिकायला. पायाखाली एक फळी बांधायची आणि डोंगरावरून घसरायचं. पैसे देऊन हाडं मोडायचा प्रकार दिसतो. पण तिला हौस आहे, तर वाढदिवसाला त्याचा गॉगल द्यायचं मी ठरवलंय. चेहऱ्यावर बसायची वस्तू आहे, ती मीच निवडणार.

३१ जानेवारी

ह्यांना गॉगलचं सांगितलं. आनंद होईल वाटलं होतं, तर म्हणाले, "गॉगल कशाला? पैसे दे, तिचं ती घेईल."

"पैसे काय पाहुणे पण देतात."

"अगं, त्यात शंभर प्रकार असतात. ढगाळ हवेत पिवळी किंवा गुलाबी काच लागते, कडक उन्हात काळी. दुहेरी काच नसली तर आतून वाफ धरते, पुढचं काही दिसत नाही. शिवाय तिच्या हेल्मेटला मोठी फ्रेम बसत नाही, कपाळावर फट राहते आणि तिथून वारं शिरतं."

"तिचं हेल्मेट कुठलं?"

"म्हणजे... घेईल तेव्हा."

ह्यांना सगळ्याच विषयातलं माहीत असतं. लग्न ठरलं तेव्हा मला याचंच कौतुक वाटलं होतं. मी सगळं लिहून घेतलं. हल्ली तब्येतही सुधारली आहे ह्यांची. पोट उतरलं, शीळ घालत दाढी करतात, स्वतःहून निळा स्वेटर घेतला. माझ्या ओट्सचा गुण आहे हा.

३ फेब्रुवारी

बुटकी दोन दिवस राहून गेली. दुसरं सिटिंग झालं. कानाजवळ थोडी कड राहिली आहे, ती तिसऱ्यात जाईल.

जाताना नेहमीप्रमाणे मम्माची रिकामी बरणी काढून ठेवली. मम्मा म्हणजे हिच्या हॉस्टेलवरची कोणी सीनियर. सगळ्यांची काळजी घेते, रात्री-अपरात्री चहा करून देते, म्हणून पोरींनी तिचं नाव मम्मा ठेवलंय. बुटकीचे तिच्याशी सारखे फोन चालतात. थंडीनं तिच्या गालांची सालं निघतात असं दोन वर्षांपूर्वी बुटकी म्हणाली, तेव्हापासून मी मेण आणि बदामाचं तेल घोटून तिच्यासाठी वेगळं क्रीम करते. बरणी रिकामी होऊन परत येते, याहून मोठी शाबासकी कुठली?

मी म्हटलं, "एकदा तिला घरी आण ना. कातडी बघितली तर नीट इलाज करता येईल. क्रीम किती लागतं त्यावरून तर वाटतं, चाळिशीतल्या बाईची कातडी आहे."

"अभ्यास फार करते ती," बुटकी म्हणाली.

हे पेपरमागे जोरात खोकले. ह्यांनाही काढा द्यायला हवा.

माप मी गुपचूप मिळवलंच. पुठ्ठ्याचा मुखवटा आहे ना! कपाळ, गालाची हाडं, नाकाचा दांडा, सगळं त्यात आलं. पर्समध्ये टाकून ठेवलाय.

७ फेब्रुवारी

क्रमानं लिहिते.

दुपारी पार्लर बंद करून खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. भिंतभर गॉगल. काचा तेलाच्या तवंगासारख्या चमकत होत्या आणि प्रत्येकीत माझाच चेहरा वेडावाकडा. दाढीवाला विक्रेता आला. माणूस नीट बोलला. कोणासाठी, चष्मा आहे का, पहिल्यांदा जाणार का, असं सगळं विचारलं. मी तेवढ्यात त्याचा चेहरा बघत होते. सवयच आहे. गाल तांबूस-काळे, डोळ्यांभोवती गोरं फुलपाखरू.

मी म्हटलं, "राग मानू नका हं, तुमच्या चेहऱ्यावर डाग आहे तो जातो. माझ्याकडे या, तीन सिटिंगांत साफ करून देते. सेफ्टी चष्म्याचा आहे ना?"

तो हसायलाच लागला. "ताई, हा गॉगलचा आहे! बर्फावर ऊन खालून-वरून दोन्हीकडून भाजतं. गॉगलखालचं तेवढं गोरं राहतं. आमच्यात सगळ्यांना असतो. जानेवारीत हा डाग दिसला की समजायचं, हा माणूस जाऊन आला."

"सेफ्टी चष्म्यानं नाही होत?"

"तो पारदर्शक असतो हो. त्यातून ऊन जाणारच की."

एवढं साधं! आणि मी एवढी वर्षं चेहरे वाचते म्हणवून घेते. तरी तेव्हा मला काही झालं नाही. डोकं एकदम रिकामं. पर्समधून मुखवटा काढून दिला आणि म्हटलं, या मापाचा द्या. त्यानं एक मधल्या आकाराचा गॉगल काढला, त्याचा फोम मुखवट्यावर टेकवला. कड कडेला भिडली, नाकाची खाचसुद्धा.

"माप तर गॉगलचंच आणलंय की तुम्ही," तो म्हणाला. "मग हिचा जुना आहे तोही हाच असणार. पहिल्यांदा नाही जात ही."

मी तोच घेतला, सोबत ढगाळ हवेची गुलाबी काचही घेतली. त्यानं कागदात बांधून दिला, वर रिबिनीचं फूल लावलं. मी आभारही मानले. बाहेर येऊन कठड्यावर बसले तेव्हा कळलं, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी.

८ फेब्रुवारी

रागावण्यासारखं काय आहे? बाप आणि मुलगी सहलीला गेले. मला थंडी सोसत नाही, सांधे धरतात, म्हणून बोलले नसतील. मी बरोबर येते म्हणाले असते तर त्यांचा विरस झाला असता. सरप्राईज असेल. मार्चमध्ये मलाही नेणार असतील.

पण मग डाग कशाला पुसून घेतला माझ्याकडून? दोघं माझ्या खुर्चीत मान मागे टाकून पडले होते. मी गालांवर हात फिरवत "कसली रे नोकरी तुमची, कसलं गं कॉलेज तुझं" म्हणत हळहळत होते. डोळे मिटलेले होते दोघांचे. मुखवट्याखाली.

खालच्या खणात गेल्या वर्षीचा ह्यांचा मुखवटा सापडला. त्याच्या आधीच्या वर्षीचासुद्धा. त्या दोन्ही जानेवारीत बुटकी हॉस्टेलवरून घरी आलीच नव्हती. मी काही टाकत नाही.

१० फेब्रुवारी

जेवताना सहज विचारलं, "तुम्ही कधी बर्फ बघितलाय का हो?"

"फ्रीजमधला," हे म्हणाले. आणि हसले. आणि दही मागितलं.

मी दही वाढलं. मला त्यांची भीती वाटली. इतकं सहज खोटं बोलणाऱ्या माणसाशेजारी मी इतकी वर्षं निर्धास्त झोपते आहे.

तिसऱ्या सिटिंगचं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वेळ नाही.

१५ फेब्रुवारी

वाढदिवस झाला.

बुटकी सकाळीच आली. केक कापला, आम्ही तिघंच. बुटकीनं पहिला तुकडा मला भरवला, दरवर्षीसारखा. मी खोका पुढे केला. तिनं कागद फाडला आणि "आई! हा तर..." म्हणून थांबली. हा तर माझ्याकडे आहेच, असं म्हणणार होती. "हा तर मस्तच आहे," म्हणाली.

"घालून दाखव."

"नंतर घालते ना."

"मीच घालते." मी तिच्यामागे उभी राहिले, जशी पार्लरमध्ये राहते. पट्टा ताणला, फोम गालांवर बसवला. तिसरं सिटिंग झालं नव्हतं, कानाजवळची कड तशीच होती. गॉगलची कड बरोबर तिच्यावर जाऊन बसली. मग मी तो काढला आणि म्हटलं, "आता तुम्ही."

हे म्हणाले, "मी कशाला?"

"घाला हो. एकाच साच्यातले ना तुम्ही."

त्यांनी घातला. घालताना पट्टा मागे कसा खेचायचा, आधी कपाळावर ठेवून खाली कसा ओढायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. कडा ह्यांच्याही डागावर बसल्या. त्या चकचकीत काचेत मला मी दिसत होते, हातात केकची सुरी घेऊन. बुटकीच्या लक्षात आधी आलं. तिला रडू फुटलं.

"आम्ही मम्माकडे गेलो होतो," ती म्हणाली.

"हॉस्टेलच्या?"

"हॉस्टेलवर कुणी मम्मा नाहीये, आई."

तरी मला समजेना. खरंच समजेना. ह्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली, तेव्हा समजलं. पहिली. तिचं बर्फाच्या उतारापाशी छोटं लॉजिंग आहे, ती तिथे स्नोबोर्डही शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिनं बुटकीला शोधून काढलं. तेव्हापासून दर हिवाळ्याला जातात.

"तुला त्रास होऊ नये म्हणून नाही सांगितलं," हे म्हणाले. "मुलीनं आईला भेटावं, एवढंच. मी आपला सोबतीला जातो."

"सोबतीला जाणाऱ्याला गॉगल कशाला लागतो?"

ह्यांनी टेबलावरची रिबीन उचलून गुंडाळायला घेतली. ह्यांना सगळ्याच विषयातलं माहीत असतं.

"आणि क्रीम?" मी बुटकीला विचारलं.

"तिचे गाल खरंच फुटतात गं," ती म्हणाली. "मी फक्त सहज बोलले होते. तू लगेच करून दिलंस. मग मला सांगता येईना."

१६ फेब्रुवारी

केसाने गळा कापला असं आपण बोलतो. मी आयुष्यभर केस कापले, गळ्याचं काल कळलं.

आईला भेटू नको म्हणून मी बुटकीला अडवलं असतं का? कदाचित रडले असते, चार दिवस फणकारले असते, पण अडवलं नसतं. आता हे सिद्ध कसं करणार? मला विचारलंच नाही कुणी. माझ्या पाठीमागे एक अख्खं घर मांडलं, आणि तिथून आल्यावर त्या घराच्या खुणा पुसायला माझ्याच खुर्चीत बसले. दोन हिवाळे मी त्या बाईच्या गालांसाठी मेण घोटलं. माझ्या हातचं क्रीम लावून ती आरशात बघत असेल. तिला माहीत होतं का कोणी केलंय? हे विचारायचं धाडस होत नाही.

ह्यांच्याबद्दल एक प्रश्न मनात येतो, तो मी इथेसुद्धा लिहीत नाही.

२ मार्च

बुटकी आज गेली. मैत्रिणी वगैरे कुणी नाहीत, आता ते सोंगही नाही. हे जाणार नव्हते. चार दिवसांपूर्वी माझा हात धरून म्हणाले होते, "संपलं ते." आज सकाळी बघते तर बॅग भरलेली. "घाटाचा रस्ता आहे, पोरीला एकटीला कसं पाठवायचं? सोडतो आणि उद्या परत फिरतो." वर निळा स्वेटर ठेवला होता, घडी घालून.

बुटकीनं दारात मला मिठी मारली. "आई, तू म्हणालीस तर मी नाही जात." तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. म्हणजे, दिसलं असं मला वाटलं. मी आता चेहऱ्यांची खात्री देत नाही. मी म्हटलं, "जा. नाकाला क्रीम लावत जा, दर दोन तासांनी." नवा गॉगल तिनं हातातच घेतला होता.

तेवढ्यात ह्यांनी बुटात पाय घालता घालता, अगदी सवयीनं, विचारलं, "ती बरणी भरलीस का गं?"

"बाबा!" बुटकी किंचाळली.

ह्यांचा चेहरा पडला. पण शब्द निसटून गेला होता. त्यांच्या मनात ती बाई रोजच्या बाजारहाटासारखी आहे, इतकी घरची. जो प्रश्न मी वहीतही लिहिला नव्हता, त्याचं उत्तर त्यांनी न विचारता दिलं.

"नाही भरली," मी म्हटलं.

५ मार्च

उद्या परत फिरतो म्हणाले होते. फोन आला, रस्ता बंद आहे. मी बातम्यांत बघितलं, रस्ता उघडा आहे.

११ मार्च

पार्लरमध्ये आज गर्दी होती. शिक्षिकाबाई खुर्चीत, दोघी बाकावर. मी शिक्षिकाबाईंच्या भुवयांना दोरा लावणार, तेवढ्यात दार ढकलून बुटकी आत आली. पाठीवर बॅग, थेट बसवरून. एकटी. चेहरा भाजून तपकिरी झालेला आणि डोळ्यांभोवती स्वच्छ, गोरं, ठसठशीत फुलपाखरू. यावेळी तिनं काही लपवलं नव्हतं, केसही पुढे ओढले नव्हते.

मी विचारलं, "बाबा?"

"बाबा थांबलेत," ती म्हणाली. खाली बघून म्हणाली. "किती दिवस ते म्हणाले नाहीत."

मी मान हलवली. दोरा बोटांना गुंडाळलेलाच होता, फार घट्ट झाला होता.

बुटकी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, लहानपणी शाळा सुटल्यावर बसायची तिथेच. शिक्षिकाबाईंनी आरशातून तिला न्याहाळलं. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेतच.

"अगबाई, काय करून घेतलंस हे? डोळ्यांभोवती काय झालं गं हिच्या?"

बुटकीनं माझ्याकडे बघितलं. सेफ्टी चष्मा, वर्कशॉप, मैत्रिणींची सहल, सगळं माझ्याही जिभेवर तयार होतं. तिच्यासाठी मी खोटं बोलले असते तर ते मला जमलं असतं, आता सराव झालेल्यांच्या घरात राहते मी.

"हिच्या आईकडे गेली होती," मी म्हटलं. "तिथे ऊन फार असतं."

स्टुलावरून बुटकी अगदी हळू "आई" म्हणाली. मला हाक मारली की नुसता माझा शब्द पुन्हा उच्चारून बघितला, ते कळलं नाही. मी शिक्षिकाबाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या भुवईपासून सुरुवात केली.